अमेरिकन संस्थानांचें हक्कसोडपत्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचें नांव निघालें म्हणजे आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें बोस्टन बंदरांत बुडविलेल्या चहाच्या पेट्या येतात, व्हॅली फोर्जच्या थंडींत कुडकुडणारे वॉशिंग्टनचे शिपाई येतात, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफर्सन येतो. शाळेंतल्या पुस्तकांनीं हीं चित्रें आपल्या मनावर इतकीं ठसविलीं आहेत कीं, त्याच काळांत काँग्रेसच्या बैठकींत जो एक रुक्ष, कागदी, पण परिणामाच्या दृष्टीनें एखाद्या मोठ्या लढाईइतकाच महत्त्वाचा तंटा चालला होता, त्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. तो तंटा जमिनीचा होता. भाऊबंदकी म्हटली कीं ज्यांना शेताचा बांध, सामाईक विहीर आणि वाटणीपत्र आठवतें, त्या आपल्या लोकांना तो समजावून देण्यास फारसे श्रम पडूं नयेत. तेरा भावांपैकीं सातांच्या नांवें कागदोपत्रीं अफाट जमीन होती. सहांच्या नांवें आपल्या राहत्या घरापलीकडे कांहीं नव्हतें. आणि सामाईक शत्रूशीं लढतांना रक्त मात्र तेराही जण सांडीत होते.

ही विषमता आली कशी, हें समजण्यासाठीं इंग्लंडच्या राजांनीं दिलेल्या सनदा पाहिल्या पाहिजेत. १६०९ सालीं व्हर्जिनियाच्या कंपनीस मिळालेल्या सनदेंत तिचा मुलूख पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत सांगितला आहे. मॅसाच्युसेट्सची १६२९ ची सनद, कनेक्टिकटची १६६२ ची, कॅरोलिनाची १६६३ ची व जॉर्जियाची १७३२ ची, या सर्वांत हीच भाषा थोड्याफार फरकानें आढळते. लंडनमध्यें बसून ज्यांनीं हे शब्द लिहिले, त्यांना ह्या दोन समुद्रांमध्यें किती हजार मैलांची भूमि आहे याची कल्पनाही नव्हती. कित्येक सनदांतील पट्टे एकमेकांवर पडत. ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलूख व्हर्जिनिया सबंध आपला म्हणे, आणि त्याच मुलुखांतून मॅसाच्युसेट्स व कनेक्टिकट आपापले पट्टे ओढीत. न्यू यॉर्कजवळ अशी समुद्र-ते-समुद्र सनद नव्हती. पण त्याची युक्ति याहूनही नामी होती. इरोक्वाय नांवाचा जो तद्देशीय राष्ट्रांचा संघ, तो न्यू यॉर्कच्या आश्रयाखालीं; इरोक्वायांनीं ज्यांना जिंकलें त्यांची भूमि इरोक्वायांची; म्हणून ती सर्व न्यू यॉर्कची! अशा दाव्यावर आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या मुनसफानेंही मान हलविली नसती.

उलट पक्षीं मेरिलंड, न्यू जर्सी, डेलावेअर, पेन्सिल्व्हेनिया, र्‍होड आयलंड व न्यू हॅम्पशायर यांच्या सीमा ठाम होत्या. त्या सीमांच्या पलीकडे त्यांना हक्क सांगतां येत नव्हता. १७६३ च्या तहानें फ्रान्सचा मिसिसिपीच्या पूर्वेकडील मुलूख इंग्लंडकडे आला, आणि त्याच वर्षीं राजानें एक जाहीरनामा काढून पर्वतापलीकडे वसाहत करण्याची मनाई केली. युद्ध सुरू झालें तेव्हां ही मनाई नाहींशी झाली; आणि राजाच्या हातून सुटणारी ती भूमि कोणाच्या ओंजळींत पडणार, हा प्रश्न उभा राहिला. ज्या शॉनी, मायामी, चेरोकी, क्रीक इत्यादि लोकांच्या चुली त्या भूमीवर पेटत होत्या, त्यांना हा प्रश्न विचारावा असें मात्र दोहोंपैकीं एकाही पक्षाच्या मनांत आलें नाहीं. त्यांच्याकडे आपण पुढें येऊं.

१७७६ च्या उन्हाळ्यांत जॉन डिकिन्सन यानें संघाच्या करारनाम्याचा पहिला मसुदा तयार केला. संस्थानांच्या पश्चिमसीमा ठरविण्याचा अधिकार काँग्रेसला असावा, असें कलम त्यांत होतें. मोठ्या संस्थानांनीं तें कलम काढून टाकविलें. १५ नोव्हेंबर १७७७ रोजीं काँग्रेसनें जो मसुदा मंजूर केला, त्यांत उलट असें वाक्य आलें कीं, संयुक्त संस्थानांच्या फायद्यासाठीं कोणत्याही संस्थानाचा मुलूख काढून घेतला जाऊं नये. परंतु ह्या करारनाम्याला एक अट होती: तेराही संस्थानांची संमति मिळाल्याशिवाय तो अमलांत यावयाचा नव्हता. हीच अट लहानांचें शस्त्र ठरली. न्यू जर्सी व डेलावेअर यांनीं तक्रार नोंदवून का होईना, पण अखेर सह्या केल्या. १७७९ च्या वसंतांत बारा संस्थानें एका बाजूस व एकटें मेरिलंड दुसर्‍या बाजूस, अशी स्थिति झाली.

मेरिलंडच्या विधिमंडळानें १५ डिसेंबर १७७८ रोजीं आपल्या प्रतिनिधींस ज्या सूचना दिल्या, त्या पुढील मे महिन्यांत काँग्रेसमध्यें वाचण्यांत आल्या. त्यांतील युक्तिवाद मोठा सरळ आहे. युद्धाच्या आरंभीं जी भूमि ओसाड होती, जिच्यावर ब्रिटिश राजाचा हक्क होता, ती जर तेरा संस्थानांच्या रक्तानें व द्रव्यानें मिळाली, तर ती तेरांची सामाईक मिळकत झाली पाहिजे, आणि तिचीं स्वतंत्र व सोयीचीं राज्यें पाडण्याचा अधिकार काँग्रेसला असला पाहिजे. मेरिलंडनें भीति बोलून दाखविली ती अशी. व्हर्जिनिया ही अफाट जमीन थोडीथोडी विकील, त्या पैशानें आपलें कर्ज फेडील आणि आपल्या रयतेवरील कर जवळजवळ उठवील. शेजारच्या मेरिलंडांत मात्र जमीन महाग व कर जड. मग मेरिलंडचा शेतकरी बिर्‍हाड उचलून व्हर्जिनियांत कां जाणार नाहीं? शिवाय काँग्रेसनें १७७६ सालीं शिपायांस जमिनी इनाम देण्याचें वचन दिलें होतें: साध्या शिपायास १०० एकर, कर्नलास ५००. ज्या संस्थानाजवळ देण्यास जमीनच नाहीं, त्यानें ती शेजार्‍याकडून विकत घेऊन आपल्या शिपायांना द्यावयाची काय?

हा युक्तिवाद वाचतांना मेरिलंडविषयीं आदर वाटूं लागतो. परंतु इतिहासलेखकास नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. १७७३ व १७७५ सालीं कांहीं व्यापार्‍यांनीं इलिनॉय व वाबाश नद्यांकांठची विस्तीर्ण जमीन तेथील तद्देशीय लोकांकडून परस्पर खरेदी केली होती. व्हर्जिनिया असल्या खरेदीपत्रांना कवडीची किंमत देत नसे; काँग्रेसच्या ताब्यांत मुलूख गेला तर तीं पक्कीं होतील अशी त्यांच्या मालकांना आशा. आणि हे मालक कोण? मेरिलंडचा गव्हर्नर टॉमस जॉन्सन, पुढें गव्हर्नर झालेला विल्यम पाका, सॅम्युएल चेस, कॅरल्टनचा चार्लस कॅरल! यांपैकीं शेवटच्या तिघांच्या सह्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहेत. तेव्हां मेरिलंडच्या तोंडून जें तत्त्व बोलत होतें, त्याच्यामागें खिसाही बोलत होता हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. तथापि केवळ तेवढ्यानें तें तत्त्व खोटें ठरत नाहीं, असें आमचें मत आहे. वकील लोभी असला म्हणून अशिलाची बाजू पडते, असें थोडेंच आहे?

व्हर्जिनियाची बाजूही दुबळी नव्हती. १७७८ च्या जुलैंत जॉर्ज रॉजर्स क्लार्क या तरुण सेनानीनें मूठभर लोकांनिशीं मिसिसिपीकांठचें कॅस्कॅस्किया घेतलें होतें. पुढील फेब्रुवारींत पुराचें गुडघ्या-कमरेएवढें पाणी तुडवीत त्यानें व्हिन्सेन्स जिंकलें. त्याला सनद व्हर्जिनियाची, पैसा व्हर्जिनियाचा. ह्या मुलुखाचा ‘इलिनॉय’ नांवाचा एक जिल्हा करून व्हर्जिनियानें तेथें आपला अधिकारीही नेमला. मग तेरांच्या रक्ताची गोष्ट येथें कोठून आली, असें व्हर्जिनियाकरांनीं विचारलें तर नवल नाहीं. १७७९ सालीं व्हर्जिनियानें जमीन विकण्याची कचेरी उघडली, तेव्हां काँग्रेसनें ३० ऑक्टोबर रोजीं ठराव करून, युद्ध चालू असतां असली विक्री करूं नये अशी विनंती केली. अधिकार नव्हता, म्हणून विनंती!

कोंडी फुटण्यास सुरुवात झाली ती न्यू यॉर्ककडून. ज्याचा हक्क सर्वांत पातळ, त्यानेंच प्रथम उदारपणा दाखवावा यांत विनोद आहे खरा. पण फिलिप स्काय्‌लरसारख्या धूर्त मुत्सद्द्यानें ओळखलें कीं, सबंध गमावण्यापेक्षां आपल्या हातानें सोडून बाकीची सीमा पक्की करून घेणें बरें. १९ फेब्रुवारी १७८० रोजीं न्यू यॉर्कनें आपल्या प्रतिनिधींस हक्क सोडण्याचा अधिकार दिला. ६ सप्टेंबरला काँग्रेसनें इतर संस्थानांस तोच कित्ता गिरविण्याची कळकळीची विनवणी केली.

आणि १० ऑक्टोबर १७८० रोजीं जो ठराव झाला, त्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. १७८७ चा वायव्य मुलुखाचा कायदा सर्वांस ठाऊक असतो. पण त्याचें बीज ह्या ठरावांत आहे, आणि आमच्या मतें त्याची थोरवी अद्याप पुरती ओळखली गेलेली नाहीं. संस्थानें जी भूमि सोडून देतील ती सर्वांच्या सामाईक हितासाठीं वापरली जाईल. तिच्यावर निरनिराळीं प्रजासत्ताक संस्थानें वसविलीं जातील. आणि तीं संघांत मूळ तेरांच्या बरोबरीनें, त्याच सार्वभौमत्वाच्या, स्वातंत्र्याच्या हक्कांनिशीं घेतलीं जातील, असें काँग्रेसनें वचन दिलें. प्रत्येक नवें संस्थान लांबीरुंदीनें १०० ते १५० मैल असावें, असेंही त्यांत होतें. आतां याचा अर्थ काय? त्या वेळीं जगांतील प्रत्येक राष्ट्र आपल्या वसाहतींकडे दुभत्या गाईच्या दृष्टीनें पाहत होतें. ज्या सभेच्या खजिन्यांत खडखडाट होता, जिच्या नोटांना बाजारांत कोणी विचारीत नव्हतें, आणि जिच्या हातीं ह्या भूमीचा एक एकरही अजून आला नव्हता, त्या सभेनें असें ठरविलें कीं, उद्यां आमच्या पश्चिमेस जे लोक वसतील ते आमचे अंकित नसून आमचे समान भागीदार होतील. आपण स्वतः वसाहत म्हणून जें भोगलें, तें पुढच्यांच्या वांट्यास येऊं नये, ही जाणीव त्यांत स्पष्ट दिसते.

२ जानेवारी १७८१ रोजीं व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें ओहायोच्या वायव्येकडील मुलूख सोडण्याचा ठराव केला. जेफर्सन त्या वेळीं तेथें गव्हर्नर होता. हें निव्वळ औदार्य होतें काय? इतक्या विस्तीर्ण प्रदेशावर एका प्रजासत्ताकाचा कारभार चालणें शक्य नाहीं, असें जेफर्सनसारख्यांस मनापासून वाटत होतें. त्यांतच देशद्रोही आर्नल्ड याच्या हाताखालीं ब्रिटिश फौज त्याच आठवड्यांत व्हर्जिनियांत शिरत होती. शिवाय व्हर्जिनियानें अटी घातल्याच: केंटकी आपल्याकडे राहावी, क्लार्कच्या मोहिमेचा खर्च मिळावा, आणि तद्देशीयांकडून खाजगी इसमांनीं केलेलीं सर्व खरेदीपत्रें रद्दबातल समजावीं. ही शेवटची अट म्हणजे मेरिलंडच्या पुढार्‍यांच्या खिशावर नेमका मारलेला तीर. व्हर्जिनियाचा राग त्यांत आहेच. परंतु सामाईक भूमि म्हणून जी द्यावयाची ती सट्टेवाल्यांच्या घशांत जाऊं नये, हा विचारही त्यांत आहे.

मेरिलंडला आतां अडून बसण्यास सबब कमी उरली. चेसापीकच्या आखातांत ब्रिटिश गलबतें धुमाकूळ घालीत होतीं, आणि किनार्‍याच्या रक्षणासाठीं मेरिलंडनें फ्रेंच वकील ला लुझर्न याच्याकडे आरमाराची याचना केली, तेव्हां त्यानें करारनाम्यावर सही करणें बरें, असा सल्ला दिला. २ फेब्रुवारीला मेरिलंडच्या विधिमंडळानें मान्यता दिली. १ मार्च १७८१ रोजीं फिलाडेल्फियास न्यू यॉर्कच्या प्रतिनिधींनीं हक्कसोडपत्र करून दिलें, आणि त्याच दिवशीं जॉन हॅन्सन व डॅनिएल कॅरल यांनीं मेरिलंडतर्फे सह्या केल्या. शहरांत व नदींतील जहाजांवर तोफांचे बार झाले. मसुदा मंजूर झाल्यापासून तीन वर्षें व साडेतीन महिने लोटल्यावर तेरा संस्थानांचा संघ कायद्यानें जन्मास आला.

व्हर्जिनियाचा व्यवहार मात्र आणखी तीन वर्षें रेंगाळला. खरेदीपत्रांच्या अटीवर काँग्रेसच्या समित्या घोळ घालीत राहिल्या. शेवटीं ती अट शब्दशः न घालतां तिचा हेतु साधेल अशी भाषा काढण्यांत आली, आणि १ मार्च १७८४ रोजीं जेफर्सन, मन्‍रो, आर्थर ली व सॅम्युएल हार्डी यांनीं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आपल्या शिपायांसाठीं सायोटो व लिटल मायामी या नद्यांमधला पट्टा आणि क्लार्क व त्याच्या साथीदारांसाठीं १,५०,००० एकर एवढें व्हर्जिनियानें राखून ठेविलें. टॉमस जॉन्सनच्या वारसांनीं आपलें खरेदीपत्र घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धांव घेतली. १८२३ सालीं न्यायालयानें तें फेटाळलें.

बाकीच्यांचा वृत्तांत थोडक्यांत आटपूं. मॅसाच्युसेट्सनें १७८५ त हक्क सोडला. कनेक्टिकटनें १७८६ त सोडला खरा, पण पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिमेस १२० मैल लांबीचा एक पट्टा आपल्याकडे ठेवून. १७९५ सालीं तो १२ लाख डॉलरांस विकून त्या पैशाचा त्यानें शाळांसाठीं निधि केला, हें त्याच्या नांवें जमा धरलें पाहिजे. दक्षिण कॅरोलिनानें १७८७ सालीं जो सुमारें १२ मैल रुंदीचा पट्टा दान केला, तो पुढें नीट मोजणी झाल्यावर जवळजवळ अस्तित्वांतच नाहीं असें आढळलें! उत्तर कॅरोलिनानें १७८४ च्या उन्हाळ्यांत मुलूख दिला व वर्ष संपण्यापूर्वीं परत घेतला. ह्या घालमेलीस कंटाळून पर्वतापलीकडील लोकांनीं जॉन सेव्हियरच्या पुढारीपणाखालीं ‘फ्रँकलिन’ नांवाचें आपलें निराळेंच संस्थान काढलें. तें चारएक वर्षें चाललें. १७९० सालीं देणगी पक्की झाली, तोंवर तेथील पुष्कळ चांगली जमीन खाजगी लोकांच्या नांवें चढून गेली होती.

मिळालेल्या भूमीची व्यवस्था काय झाली? २० मे १७८५ च्या कायद्यानें तिचे सहा मैल चौरसाचे गांव पाडावयाचे, प्रत्येक गांवाचे ६४० एकरांचे ३६ भाग करावयाचे, सोळावा भाग शाळेसाठीं राखावयाचा व बाकीची जमीन एकरीं निदान एक डॉलर दरानें लिलावांत विकावयाची, असें ठरलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरच्या अखेरीस टॉमस हचिन्स हा ओहायोच्या कांठीं साखळी टाकूं लागला. ती साखळी ६६ फुटांची. आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणींत गुंठा ३३ फूट चौरस धरीत, म्हणजे बरोबर तिच्या निम्मा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. दोहोंचें मूळ एकाच इंग्रजी मापांत आहे. सह्याद्रीच्या उतारावरील तुकडे आणि ओहायोचीं अरण्यें एकाच मापाच्या पोटीं मोजलीं गेलीं, हें लक्षांत आलें म्हणजे जग किती लहान आहे असें वाटतें. १३ जुलै १७८७ च्या कायद्यानें ओहायोच्या उत्तरेस तीन ते पांच संस्थानें व्हावीं, ६० हजार स्वतंत्र वस्ती होतांच त्यांना समान हक्कानें संघांत घ्यावें आणि तेथें गुलामगिरी नसावी, असें ठरविलें. १८०३ त ओहायो, १८१६ त इंडियाना, १८१८ त इलिनॉय, १८३७ त मिशिगन, १८४८ त विस्कॉन्सिन, अशीं तीं क्रमानें आलींही. जेफर्सनची सूचना १७८४ त मान्य झाली असती, तर दक्षिणेकडील मुलुखांतही १८०० नंतर गुलामगिरी राहिली नसती. ती एका संस्थानाच्या मतानें पडली. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधि त्या दिवशीं आजारी होता!

सातही संस्थानांनीं मिळून २३ कोटी एकरांहून अधिक भूमि राष्ट्राच्या स्वाधीन केली. पण दात्यांजवळ ती होती काय? १७८७ च्या त्याच कायद्यांत, तद्देशीयांशीं पूर्ण सचोटीनें वागूं व त्यांच्या संमतीवांचून त्यांची भूमि घेणार नाहीं, असें गंभीर वचन आहे. मायामींचा पुढारी लिटल टर्टल व शॉनींचा ब्ल्यू जॅकेट यांनीं त्या वचनाची किंमत ओळखली होती. ४ नोव्हेंबर १७९१ रोजीं त्यांनीं सेंट क्लेअरच्या फौजेचा असा धुव्वा उडविला कीं, सहाशेंहून अधिक शिपाई ठार झाले. परंतु १७९४ त त्यांचा पराभव झाला, व पुढच्या वर्षीं ग्रीनव्हिलच्या तहानें ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला.

सर्वांत शेवटीं आलें तें जॉर्जिया. १७९५ च्या आरंभीं त्याच्या विधिमंडळानें याझू नदीकडील सुमारें साडेतीन कोटी एकर जमीन चार कंपन्यांस पांच लाख डॉलरांस, म्हणजे एकरीं दीड सेंटाहूनही कमी दरानें, विकली. मतें देणारे बहुतेक सभासद स्वतः त्या कंपन्यांचे भागीदार होते. लोक इतके खवळले कीं, पुढच्या वर्षीं नव्या विधिमंडळानें तो कायदा रद्द करून भर चौकांत जाळला. त्यासाठीं भिंगानें सूर्यापासून अग्नि घेतला, अशी कथा आहे. हें लोढणें गळ्यांत असतांच जॉर्जियानें २४ एप्रिल १८०२ रोजीं आपला पश्चिमभाग राष्ट्रास दिला. मोबदला साडेबारा लाख डॉलर. आणि जॉर्जियाच्या उरलेल्या हद्दींतील तद्देशीयांचा हक्क, शांततेनें व वाजवी अटींवर शक्य तितक्या लवकर, राष्ट्रीय सरकारनें आपल्या खर्चानें नाहींसा करावा, अशी अट. १८१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें याझूचीं खरेदीपत्रें रद्द करण्याचा कायदा अवैध ठरविला, आणि १८१४ त काँग्रेसला त्या खरेदीदारांसाठीं ५० लाख डॉलरपर्यंत रक्कम मंजूर करावी लागली.

ती दुसरी अट मात्र जॉर्जिया विसरलें नाहीं. चेरोकी लोकांनीं आपली लिपि तयार केली होती, १८२७ त लिखित राज्यघटना केली, १८२८ त स्वतःच्या भाषेंत वृत्तपत्र काढलें. जॉर्जिया दर वेळीं १८०२ चा कागद काँग्रेसपुढें धरी. १८३० सालीं स्थलांतराचा कायदा झाला. १८३२ त सर्वोच्च न्यायालयानें चेरोकींच्या बाजूनें निकाल दिला. तो अमलांत आणण्यास कोणी पुढें आलें नाहीं. १८३८ सालीं लष्करानें त्यांना घरांतून काढलें. सुमारें १६ हजार लोकांपैकीं चार हजारांच्या आसपास त्या स्थलांतरांत मेले असा अंदाज आहे. त्यांच्या घरांचे व शेतांचे नंबर जॉर्जियानें १८३२ सालींच सोडतींत घालून वाटून टाकले होते. कित्येक ठिकाणीं चेरोकी कुटुंब आंत राहत असतांच सोडत लागलेला नवा मालक दाराशीं येऊन उभा राहिला.